उमेदवारी : रेषेला जबाबदार होण्याचे शिक्षण



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते या शाळेचे चित्रकलेचे गुरुजी होते. त्यांच्या वर्गात फळ्यावर एक सरळ रेषा ओढून ते विचारीत, ''ही कुठून निघाली आणि कुठे पोचली?'' त्या वयात आम्हांला तो प्रश्न गमतीचा वाटे. पुढे आयुष्याची चार दशके मी मराठी भाषा आणि साहित्य शिकविण्यात घालविली. तथापि त्याआधी दीड वर्ष मी एका यंत्रकारखान्याच्या आरेखन-कक्षात शिकाऊ उमेदवार होतो. गुरुजींच्या प्रश्नाचा अर्थ मला तेथे उमगला. म्हणून आज साहित्याचा विषय बाजूस ठेवून यंत्ररचनेच्या उमेदवारीविषयी बोलावे असे ठरविले आहे.

या विषयाची निवड केवळ आठवणींसाठी केलेली नाही. आपल्या जिल्ह्यातील मुले-मुली आज आय.टी.आय., पदविका किंवा पदवी घेऊन हैदराबाद, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यांत शिकाऊ म्हणून जातात. त्यांपैकी काही जण तेथून कारागीर किंवा अभियंते होऊन निघतात. काही जण मुदत संपल्यावर केवळ एक प्रमाणपत्र घेऊन परततात. हा फरक कशाने पडतो, याचा विचार शाळेनेही केला पाहिजे, असे मला वाटते.

१. शब्दाची कुळकथा

'उमेदवार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'उमेद' म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून राहिलेला. जुन्या कचेऱ्यांत पुढे जागा मिळेल या आशेवर वेतनाविना किंवा अल्प वेतनावर काम शिकणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत आणि त्याच्या त्या काळाला उमेदवारी. आज निवडणुकीमुळे हा शब्द दुसरीकडेच ओढला गेला आहे. परंतु 'त्याने अमक्याच्या हाताखाली उमेदवारी केली' हा प्रयोग अजून जिवंत आहे. जो शिकवितो त्याला आपण 'मिस्त्री' म्हणतो; तो शब्द पोर्तुगीज 'मेस्त्री'वरून, म्हणजे गुरू या अर्थाच्या शब्दावरून, आला. आपल्या निजामी मुलुखात त्यालाच 'उस्ताद' म्हणत. कारखान्यातल्या या दोन माणसांना भाषेने दिलेली नावे पाहा : एक आशा धरणारा आणि दुसरा गुरू. मजूर आणि मालक हा संबंध या शब्दांत मुळीच नाही.

संगीतात घराणी असतात तशी यंत्रविद्येतही होती. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांच्याकडे काम केलेल्या हेन्री मॉडस्ले यांनी लंडनला स्वतःचा कारखाना काढला. त्यांच्या हाताखालून रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ अशी माणसे बाहेर पडली. याच व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणित माप सुचविले. एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टला बसावा, ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट अशा एका घराण्याची देणगी आहे.

२. आरेखन ही एक भाषा

यंत्राचे आरेखन म्हणजे चित्र नव्हे. चित्रात दूरची वस्तू लहान दिसते. आरेखनात तसे चालत नाही. पाण्याचा तांब्या घ्या. चित्रकार तो जसा दिसतो तसा काढील. आरेखक त्याची दृश्ये वेगवेगळी मांडील : समोरून पाहिले तर गळा आणि पोट दिसेल, वरून पाहिले तर एकात एक वर्तुळे दिसतील. तरीही पत्रा किती जाड आहे ते कळणार नाही. त्यासाठी तांब्या मधोमध कापल्याची कल्पना करून छेद दाखवावा लागेल. या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले ते फ्रान्सच्या गास्पार माँज यांनी. तटबंदीच्या कामात उपयोगी पडणारी ही विद्या आरंभी लष्करी गुपित म्हणून राखली गेली; १७९५ मध्ये माँज यांनी तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली.

या भाषेला व्याकरण आहे. सलग जाड रेषा म्हणजे दिसणारी कड. तुटक रेषा म्हणजे आत दडलेली कड. एक लांब, एक आखूड अशी रेषा म्हणजे मध्यरेषा. समोरच्या दृश्याच्या तुलनेत बाजूचे दृश्य कोणीकडे मांडायचे, याच्याही 'प्रथम कोन' आणि 'तृतीय कोन' अशा दोन रीती आहेत. कागदावर रीत न सांगितल्यास डावा भाग उजवा समजला जाऊन सगळा माल वाया जाऊ शकतो. भाषेत वेलांटी चुकली तर अर्थ हुकतो. येथे लोखंड हुकते.

आणि या भाषेत एक असा शब्द आहे जो मला साहित्यातही भेटला नाही. तो म्हणजे टॉलरन्स, मापात दिलेली सूट. २५ मिलिमीटरचा दांडा २५ मिलिमीटरच्या भोकात फिरायला हवा असेल तर दोन्ही मापे नेमकी २५ असून भागत नाही. आणि कोणतेही यंत्र नेमके माप कापूही शकत नाही. म्हणून आरेखक सांगतो : भोक २५ पासून २५.०२१ पर्यंत चालेल, दांडा २४.९८० पासून २४.९९३ पर्यंत चालेल. भोकाला दिलेली सूट माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. सूट कमी ठेवावी तर खर्च वाढतो, जास्त ठेवावी तर दांडा खडखडतो. कोठे कठोर व्हावे आणि कोठे सैल सोडावे, याचा निर्णय म्हणजेच रचनाकाराची अक्कल. इंग्रजीत टॉलरन्स या शब्दाचा दुसरा अर्थ सहिष्णुता असा आहे, हे मी वर्गात विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे.

३. आरेखन-कक्षातील तीन पायऱ्या

मी कारखान्यात गेलो ते साल १९६८. उंच तिरपे फळे, टी-स्क्वेअर, गुण्या, टोकदार कठीण पेन्सिली, चिनी शाई आणि छापील प्रती काढण्याच्या खोलीतून येणारा अमोनियाचा उग्र वास, हे आमचे जग होते. पहिली पायरी नकलेची. पेन्सिलीने काढलेल्या मूळ आरेखनावर पारदर्शक कागद अंथरून शाईने रेषा गिरवायच्या. चुकलेली शाई ब्लेडने हलकेच खरवडून काढावी लागे. हे काम कंटाळवाणे होते. परंतु त्यातून हाताला शिस्त आणि डोळ्याला सवय लागली. शेकडो रेषा गिरविल्यावर एक दिवस लक्षात येते की आपण रेषा नव्हे, पंपाचे पोट पाहत आहोत. बाराखडी गिरविणारे मूल ज्या दिवशी दुकानावरची पाटी सहज वाचते, तसाच तो दिवस.

दुसरी पायरी भाषांतराची. भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली आणि ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. आमच्या कपाटांत मात्र जुनी आरेखने इंचांत होती. ती मिलिमीटरमध्ये आणण्याचे काम आम्हां शिकाऊंकडे आले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तीन अष्टमांश इंच म्हणजे ९.५२५. गणित सोपे, परंतु आमचे मुख्य आरेखक लगेच विचारीत, ''हे माप मुळात तीन अष्टमांश का होते?'' कधी उत्तर असे, की बाजारात त्या मापाची सळई मिळत होती म्हणून. मग आता बाजारात दहाची मिळते तर दहा लिहावे. कधी उत्तर असे, की त्या जागी दुसऱ्या भागाचे बेअरिंग बसते. मग एका केसाचाही फरक चालणार नाही. आकड्याचे भाषांतर करायचे तर त्यामागचे कारण आधी कळले पाहिजे. पुढे साहित्यकृतींच्या अनुवादावर मी जे लिहिले, त्याचा पाया तेथेच घातला गेला, असे आज मला स्पष्ट दिसते.

तिसरी पायरी जबाबदारीची. आठवड्यातून एक दिवस आम्हांला फळा सोडून कारखान्यात जावे लागे. पॅटर्नच्या विभागातील वृद्ध मिस्त्रींना इंग्रजी येत नसे. पण आरेखन ते आमच्यापेक्षा चांगले वाचीत. एकदा त्यांनी वरच्या कोणा रचनाकाराचा कागद आमच्यापुढे पसरला, एका कोपऱ्यातल्या बोल्टवर बोट ठेवले आणि म्हणाले, ''बाळांनो, हा बोल्ट कागदावर छान बसलाय. पण तो आवळायला पाना कुठून घालू?'' कागदावर त्या बोल्टच्या भोवती जागाच नव्हती. आरेखनाचे सगळे नियम पाळलेले, आणि तरी ती वस्तू जोडता येणारी नव्हती.

मला वाटते, रचनाकाराच्या उमेदवारीचे सार त्या प्रश्नात आहे. कागदावर ओढलेली प्रत्येक रेषा ही दुसऱ्या कोणाच्या हातांना दिलेली आज्ञा असते. ते हात आपल्याला दिसत नाहीत. परंतु आपल्या रेषेचे फळ त्यांना भोगावे लागते. नक्कल करून हात तयार होतो, भाषांतर करून समज येते. पण ज्याच्यासाठी आपण रेषा ओढली त्याच्यासमोर उभे राहिल्याशिवाय रचनाकार तयार होत नाही.

४. आपल्याच जिल्ह्यातील पाठशाळा

यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. २०१६ मध्ये आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्या जुन्या जिल्ह्याच्या जैनूर-आसिफाबाद भागात वोज समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पितळी ओतकाम करीत आले आहेत. आपण मराठीत ज्यांना ओतारी म्हणतो तीच ही विद्या. गोंड समाजाची देवकार्यातील चिन्हे, घंटा, घुंगरू, दागिने यांच्या हातून घडतात. 'आदिलाबाद डोक्रा' या नावाने या कलेला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला.

रीत अशी : मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी उभी करायची, वर पुन्हा मातीचा लेप द्यायचा आणि वाट ठेवायची. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागी पितळेचा रस शिरतो. शेवटी साचा फोडूनच वस्तू बाहेर काढावी लागते. म्हणून एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. पितळ मेणापेक्षा सुमारे नऊपट जड असते. त्यामुळे मेण तोलले की किती धातू लागेल याचा हिशेब करता येतो. हे अभियांत्रिकीचे गणितच आहे, फक्त ते कागदावर उतरलेले नाही.

कारखान्यातील वाळूच्या ओतकामाशी याची तुलना केली म्हणजे रचना म्हणजे काय ते नीट कळते. वाळूत लाकडी पॅटर्न दाबून नंतर तो उचलून घ्यावा लागतो. म्हणून त्याच्या बाजू किंचित उतरत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर उचलताना वाळू ढासळते. मेण आपले आपण वितळून जाते. तेथे हे बंधन नाही, म्हणून वोज कारागीर आतबाहेर वळणारी नक्षी करू शकतो. थंड होताना बिडाचे लोखंड मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकसते. म्हणून पॅटर्न त्या मानाने मोठा करतात आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच वेगळी असते. आतल्या कोपऱ्याला गोलाई न दिल्यास तेथे तडा जातो. आरेखकाने या गोष्टी पुस्तकातून पाठ करता येतात. पण ज्याने एकदा ढासळलेली वाळू आणि तडकलेला कोपरा हातात घेतला आहे, त्याच्या रेषेला आपोआप गोलाई येते.

५. एका चित्रकला-शिक्षकाचा नांगर

चित्रकलेच्या शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलताना दुसऱ्या एका चित्रकला-शिक्षकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळले आणि ती वाट बंद झाली. रंग गेले, रेषा उरली. त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते आरेखन शिकवू लागले. तेथे डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावी आले. सायकलींचा व्यवसाय, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला.

लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ज्याच्यासाठी रेषा ओढली त्याच्यासमोर उभे राहणे म्हणजे काय, ते या दोन वर्षांनी शिकविले असले पाहिजे. पुढे औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. फार शिक्षण नसलेली अनेक माणसे तेथे काम करता करता कुशल कारागीर झाली. ती वसाहत जितकी कारखाना होती, तितकीच शाळाही होती.

६. कायदा काय म्हणतो

आपल्या देशात उमेदवारीचा पहिला कायदा १८५० चा. तो मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांना धंदा शिकण्यासाठी बांधून देण्याचा होता. आजचा कायदा १९६१ चा; १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. या कायद्यातील दोन गोष्टी प्रत्येक पालकाने जाणून घ्याव्यात. पहिली, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. दुसरी, त्याला नगावर मोबदला देता येत नाही आणि अधिक उत्पादनाच्या बक्षीस-योजनेत त्याला ओढता येत नाही. या दुसऱ्या तरतुदीमागे मोठे शहाणपण आहे. शिकणाऱ्याचे मोल त्याने काढलेल्या नगांवर ठरविले, तर तो पहिल्या दिवशी जे येते तेच वर्षभर करीत राहील.

व्यवहारात मात्र पहिल्या तरतुदीचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. कामगार नाही म्हणून हक्क कमी, आणि शिक्षण द्यायला मात्र कोणाला सवड नाही. मी ज्या कक्षात होतो तेथेही एका मित्राला वर्षभर केवळ प्रती छापण्याच्या खोलीत ठेवले होते. त्याचे अक्षर आमच्या सर्वांत सुंदर होते, पण त्याला फळा कधी मिळाला नाही. मुदत संपली, त्याला प्रमाणपत्र मिळाले आणि तो गावी परतून किराणा दुकानात बसला. त्याच्या आशेचे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही नोंदवहीत लिहिला गेला नाही.

मुलींपुढे तर दारच बंद असे. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते. त्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटा यांना एक पोस्टकार्ड लिहिले आणि ते दार उघडले. आज आपल्या शाळेतील मुली तंत्रशिक्षणाला जातात, त्यांनी हे विसरू नये.

७. संगणक आल्यानंतर

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर रेषा काढणारी संगणक-प्रणाली दाखविली. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि हळूहळू तिरपे फळे अडगळीत गेले. याचे मला दुःख नाही. जी दुरुस्ती करायला आम्हांला दिवस लागे ती आता क्षणात होते, आणि वस्तू पडद्यावर फिरवून सर्व बाजूंनी पाहता येते. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नकलेची संथ पायरी यंत्राने पुसली आणि तिच्याबरोबर गिरविता गिरविता समजण्याचा अवधीही पुसला. पडद्यावर बोल्ट अलगद बसतो. पाना कुठून घालायचा हे पडदा आपण होऊन विचारत नाही. म्हणून आजच्या शिकाऊला कारखान्यातल्या मिस्त्रीची गरज आमच्याहून अधिक आहे.

८. भाषेचा प्रश्न

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. सीमाभागातल्या मुलाच्या घरी मराठी किंवा गोंडी, बाजारात तेलुगू, दखनी आणि कारखान्यात इंग्रजी, अशी स्थिती असते. हा प्रश्न नवा नाही. आपला जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविले. आपल्याच जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४० नंतरच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो; भाषा मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांवर राहिली. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी घेण्यासही अनुमती मिळाली आहे.

माझे म्हणणे एवढेच की मुलाला आधी त्याच्या भाषेत 'का?' विचारता आले पाहिजे. इंग्रजी संज्ञा तो दोन महिन्यांत शिकतो. पण हे माप असेच का, हा कोपरा गोल का, हा भाग उलटा बसविला तर काय होईल, हे विचारण्याचे धैर्य ज्याला शाळेत मिळाले नाही, तो कारखान्यात जाऊन फक्त मान डोलावतो. आणि जो विचारत नाही, त्याला प्रती छापण्याच्या खोलीत ठेवणे सोपे जाते.

म्हणून शाळेला माझ्या तीन विनंत्या आहेत. चित्रकलेचा तास परीक्षेच्या घाईत कापू नये, आणि त्यात कधी एखादी बिजागरी, एखादे कुलूप, हातपंपाचा एखादा भाग समोर ठेवून त्याची तिन्ही दृश्ये मुलांकडून काढून घ्यावीत. वर्षातून एकदा मुलांना जैनूरच्या ओतकामाकडे, एखाद्या जिनिंग कारखान्याकडे न्यावे आणि तेथील कारागिरांना प्रश्न विचारू द्यावेत. आणि जे माजी विद्यार्थी आज कारखान्यांत अधिकाराच्या जागी आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या प्रत्येक शिकाऊला वर्षभरात निदान एक लहानसा भाग पूर्णपणे सोपवावा : त्यानेच रचावा, त्यानेच आरेखावा, आणि तो घडताना त्यानेच यंत्राशेजारी उभे राहावे. भाग लहान असो, पण त्याचा जाब त्यानेच द्यावा.

उमेदवारीत आशा एकट्या शिकणाऱ्याने धरून भागत नाही. ती शिकविणाऱ्यालाही धरावी लागते. ज्या गुरुजींनी आम्हां खेड्यातल्या मुलांकडून ती आशा धरली, त्यांच्या स्मृतीला माझे वंदन.